माईक नसलेला गुरुवार

३ ऑक्टोबर

ताई,

आधी यादी देतो, म्हणजे तुझा मावसभाऊ गेली अकरा वर्षं नुसता पडदा ओढत बसलेला नाही हे तुला कळेल. या हॉलमध्ये मी स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी अशा: रंगमंचाची अख्खी लाकडी जमीन, खाली फेल्टचे तुकडे घालून, त्यामुळे बूट घालून चाललं तरी ढोलासारखा आवाज येत नाही. पडद्याच्या कप्प्या, बिनआवाजाच्या. तीनशे आठ खुर्च्यांच्या बिजागऱ्या. बावीस रांगा, रांगेत चौदा. मधूनच कोणी उठलं तरी खुर्ची कुरकुरत नाही. माणूस कुरकुरला तर तो माझा विषय नाही. दोन्ही दारांच्या कडांना लोकरीची पट्टी. आणि सगळ्यांत शेवटी, रंगमंचाच्या डोक्यावर टांगलेल्या पंधरा वाकवलेल्या फळ्या. वाफेवर एक फळी वाकवायला मला सव्वादोन दिवस लागले. एक इंजिनिअर मध्ये येऊन त्यांच्याकडे मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "कुठल्या कॉलेजचे तुम्ही?" म्हटलं, "नववी नापास कॉलेजचा."

या फळ्यांमुळे बोलणाऱ्याचा आवाज छतात हरवत नाही, लोकांकडे वळतो. म्हणून आमच्याकडे गुरुवारी माईक नसतो. नियम माझा आहे आणि हॉलच्या कार्यालयानं तो लेखी मान्य केलेला आहे.

गुरुवारचं तुला सांगायलाच हवं. सोमवारी बुद्धिबळ, मंगळवारी इस्पितळातल्या लोकांचं समूहगान, शनिवारी साठीपुढच्यांचा नाच, असं शहरात इतरत्रही होतं. गुरुवार मात्र आमचाच. संध्याकाळी सहाला शहरातलं एक माणूस येतं आणि तासभर आपल्या कामाबद्दल बोलतं. मोठं माणूस नाही, कामाचं माणूस. गेल्या महिन्यात घड्याळवाला आला होता. म्हणाला, बंद घड्याळ घेऊन आलेलं गिऱ्हाईक आधी बिघाड सांगत नाही, घड्याळ कोणाचं होतं ते सांगतं. त्याआधी बस चालवणाऱ्या बाई. धावत येणाऱ्या माणसासाठी थांबायचं की नाही, हे त्या त्याच्या पायांवरून नाही, चेहऱ्यावरून ठरवतात. तीनशे लोक श्वास रोखून ऐकतात गं. या शहरातल्या माणसांबद्दल मला जो आदर आहे तो सगळा गुरुवारी गोळा केलेला आहे.

आवाज पोहोचतो की नाही ते मी अंदाजानं ठरवलेलं नाही. आमचा दारवान मंचावर उभा राहून वर्तमानपत्र वाचायचा आणि मी एकेका खुर्चीत बसून दहापैकी गुण द्यायचो. तीनशे आठ खुर्च्या, चार महिने. एकाही खुर्चीला आठच्या खाली नाही.

आता मुद्दा. १२ डिसेंबरचा गुरुवार तुझा. चौतीस वर्षं तू प्रसूती विभागात नर्स होतीस. तासभर बोल. दीड वर्षापासून फोन उचलत नाहीस, "पत्र लिही, अक्षर सुधारेल" म्हणतेस. घे, सुधारलं. आता ये.

तुझा,
पाचर

१४ ऑक्टोबर

प्रिय पाचर,

अक्षर सुधारलं, पण पत्रात अजून सुताराचा वास येतो. राहू दे, बरा वाटतो.

लहानपणी आमच्या घरी एकही टेबल डुलत नव्हतं, कारण आठ वर्षांचा एक पोरगा सगळ्यांच्या पायांखाली पाचर ठोकून गेला होता. आई म्हणायची, माझ्या बहिणीनं पोरगा नाही, हत्यारांची पेटी जन्माला घातली. आता तू अख्ख्या शहराच्या पायांखाली पाचर ठोकतो आहेस हे वाचून तिला बरं वाटलं असतं.

पण मला यातून वगळ. मी काय बोलणार? बाळं झाली, पुसली, गुंडाळली, आईच्या हातात दिली. हे तासभर सांगायचं म्हणजे लोकांना झोप आणायची. शिवाय गुडघे. शिवाय नऊ तासांचा प्रवास. शिवाय घराला रंग काढलाय.

बस चालवणाऱ्या बाईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. अशी माणसं तुला मिळतात, मग माझ्यासारखीची काय गरज?

तुझी शेवटची रांग मंचापासून किती लांब आहे? सहज विचारते.

ताई

२२ ऑक्टोबर

ताई,

साडेएकोणीस मीटर. सहज सांगतो.

गुडघे, प्रवास, रंग. तीन कारणं देणाऱ्याकडे एकही खरं नसतं, हे मला सामान पुरवणाऱ्यांनी शिकवलंय. खरं कारण मी सांगतो. तू परीक्षा पास झालेली, पदकं मिळवलेली, डॉक्टरांना "असं नाही, असं धरा" म्हणणारी. आणि हा हॉल म्हणजे नववी नापास माणसानं ठाकूनठोकून उभी केलेली खोली. तीनशे आठ खुर्च्या तुला कमी वाटल्या. तसं स्पष्ट लिहिलं असतंस तर मी अर्धा तास चिडलो असतो आणि विसरलो असतो.

गेल्या गुरुवारी काच कापणारा आला होता. दोन बोटं अर्धीच आहेत. म्हणाला, काच तुटायच्या आधी एक बारीक आवाज करते, तो ज्याला ऐकू येतो तो कारागीर, ज्याला येत नाही तो गिऱ्हाईक. अशी माणसं माझ्या मंचावर उभी राहायला लाजत नाहीत.

आणखी एक. पत्रकं छापून झाली आहेत. "१२ डिसेंबर: चौतीस वर्षं पहिलं रडणं ऐकणाऱ्या परिचारिका." शहरात सहाशे वाटली. चौकातल्या वाचनालयाच्या दारावर मी स्वतः एक चिकटवलं, चारही कोपरे सारखे. तुला न विचारता छापलं हे खरं. तू नाही म्हणशील असं मला वाटलंच नव्हतं.

पाचर

३० ऑक्टोबर

पाचर,

माझा आवाज गेलाय.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गळ्यातली गाठ काढली. गाठ साधीच निघाली, काळजी करू नकोस. पण एक नस दुखावली आणि स्वरयंत्राची एक बाजू हलेनाशी झाली. आता बोलते ती निम्मी हवा असते. स्वयंपाकघरात नळ चालू असेल तर शेजारी उभ्या असलेल्या जावईबापूंना ऐकू जात नाही, आणि ते हसून मान डोलावतात. तुझ्याकडून ती मान मला नको होती, म्हणून फोन बंद.

माईकचं म्हणशील तर तेही करून पाहिलं. मैत्रिणीच्या निरोप-समारंभात दोन शब्द बोलायला उभी राहिले. भोंग्यातून आवाज नाही, नुसती फुसफुस आली. कोणीतरी मागून म्हणालं, "पंखा बंद करा." पंखा बंदच होता. पुन्हा त्या दांड्यासमोर मी उभी राहणार नाही.

तुझा हॉल मला लहान वाटला नाही रे. साडेएकोणीस मीटर फार मोठा वाटला.

आणि खोटं का बोलू, सांगण्यासारखं पुष्कळ आहे. चौतीस वर्षांत कोणी विचारलंच नाही. तुझं पहिलं पत्र आल्यावर मी बसून अकरा पानं लिहून काढली. ती कपाटात आहेत. पत्रकं मागे घे.

ताई

८ नोव्हेंबर

ताई,

पत्रकं मागे घेतलेली नाहीत.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते फाडून टाक. टाकलं नसशील तर. मला माफी मागायचं वळण नाही, तेव्हा काम काय केलं ते सांगतो.

तुझं पत्र वाचून मी रिकाम्या हॉलमध्ये जाऊन बसलो आणि चार महिन्यांच्या वहीकडे बघत राहिलो. तीनशे आठ गुण. सगळे दारवानाच्या आवाजाचे. त्याचा आवाज म्हणजे काय, तो रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याला हाक मारतो तेव्हा तीन गल्ल्यांतली कुत्री उठतात. फळ्यांचा कोन मी त्या आवाजाला लावला होता. घड्याळवाला मुळात मोठ्यानं बोलणारा, बसवाल्या बाई तर विचारूच नकोस. जे आवाज ऐकू जाणारच होते तेच मी ऐकवले.

म्हणून आता तिकीटखिडकीवरच्या बाईंना उभं केलं. त्या इतक्या हळू बोलतात की लोक काचेला कान लावून तिकीट घेतात. त्यांना म्हटलं, तोंडावर रुमाल धरून वाचा. त्या म्हणाल्या, "अकरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच मला बोलायला सांगताय, आणि तेही तोंड झाकून." बाई मला वाटलं होतं त्यापेक्षा तिखट निघाल्या.

पहिल्या दिवशी आवाज नवव्या रांगेपर्यंत. पुढच्या पाच फळ्या चार बोटं खाली घेतल्या: बारा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे एक नवी वाकवलेली भिंत उभी केली, माणसापेक्षा हातभर उंच: सतरा. कालपासून मधल्या फळ्यांचा कोन बदलतोय. दारवान शिडी धरतो आणि विचारतो, "साहेब, माझ्या आवाजात काय वाईट होतं?"

अकरा पानं कपाटातून काढ. तुला किती अंतरावरून, नळ चालू असताना आणि बंद असताना ऐकू जातं, ते मोजून कळव. टेप वापर, वीत नको.

पाचर

१९ नोव्हेंबर

पाचर,

नळ बंद: पावणेचार मीटर. नळ चालू: एक मीटर दहा. टेप जावईबापूंनी धरली आणि यावेळी खरोखर ऐकलं. मोजणीचं निमित्त करून आम्ही दोघं अर्धा तास बोललो, दीड वर्षात पहिल्यांदा. त्याबद्दल तुझे आभार मानणार नाही, डोक्यात जाईल.

येते. तिकीट काढलंय. घराला रंग वगैरे काही काढलेला नाही, ते तुला कळलंच असेल.

एकच शंका. तू तपासतोस ते रिकाम्या हॉलमध्ये ना? आमच्या विभागात एक गोष्ट मी बघितली आहे. उन्हाळ्यात पहिल्या खाटेवरचं बाळ रडलं की टोकाच्या खोलीत मला ऐकू यायचं. थंडीत खाटांवर जाड रजया आल्या, भेटायला येणारे लोकरीचे कोट घालून बसले, की तेच रडणं मधल्या दाराशीच संपायचं. बाळ तेच, फुप्फुसं तीच. रजया रडणं पिऊन टाकायच्या. डिसेंबरात तुझे लोक कोट घालून येतील.

ताई

२६ नोव्हेंबर

ताई,

लाकूड आणि आवाज माझ्याकडे सोड, रजया तुझ्याकडे ठेव.

तरी तुझ्या समाधानासाठी चाळीस खुर्च्यांवर जुने पडदे टाकून बाईंना वाचायला लावलं. फरक नगण्य. आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तिकीटखिडकीवरच्या बाईंचा रुमालाआडचा आवाज बाविसाव्या रांगेतल्या चौदाव्या खुर्चीत मी शब्दन्शब्द ऐकला. वहीत सही करून ठेवली आहे.

स्टेशनवर मी येतो. निळी टोपी.

पाचर

१७ डिसेंबर

प्रिय पाचर,

सुखरूप पोहोचले. निघताना स्टेशनवर तू नुसती माझी बॅग तीनदा या हातातून त्या हातात घेतलीस. म्हणून मंचावरून मला जे दिसलं ते लिहून पाठवते. ते तुला तिथून दिसलं नसेल.

हॉल भरला होता. सगळे कोटात. मी सुरुवात केली आणि पहिल्या काही रांगा माझ्याबरोबर चालू लागल्या. मी त्यांना सांगितलं की पहिलं रडणं दोन प्रकारचं असतं, कोरडं आणि ओलं, म्हणजे घशात पाणी घोळणारं; ओलं आलं की बाळाला कुशीवर घ्यायचं आणि आईला काही सांगायचं नाही, तिच्याकडे बघून हसायचं. इथवर बरं होतं. मग नजर मागे गेली. एक गृहस्थ छताकडे बघत होते. एक बाई कानामागे हात धरून पुढे झुकल्या होत्या, शेजारचीला काहीतरी विचारत होत्या. तीच हसून डोलणारी मान, शंभर माणसांची. मी पान उलटलं आणि ठरवलं, हे पान संपलं की नमस्कार करून खाली उतरायचं.

तेवढ्यात अगदी मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. वाटलं, चालली घरी. ती मधल्या वाटेनं सरळ पुढे आली, चौथ्या रांगेशी थांबली, कोट काढला, त्याची घडी करून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हं, ते ओल्या रडण्याचं परत सांगा." मग तिच्या मागून एक जोडपं. मग अख्खी रांग. कोणी कोणाला सांगितलं नाही. दोनच मिनिटांत तुझ्या मधल्या वाटेत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मंचाच्या कडेवर काच कापणारा मांडी घालून बसला होता. अर्ध्या बोटांवरून मी ओळखला. एक खुर्ची कुरकुरली नाही, ही तुझी कमाई. शंभर माणसं उठली आणि मला फक्त पावलं ऐकू आली.

तुझ्या शेवटच्या रांगेत तू एकटा उरलास. मांडीवर वही. तुला एक अक्षर ऐकू येत नव्हतं हे मला तिथूनही कळत होतं. तू उठत नव्हतास. सगळ्यांत जास्त मी तुझ्यासाठी थांबले होते, खरं सांगते. मग तू वहीत काहीतरी लिहिलंस, टोपी काढलीस आणि येऊन दारवानाशेजारी जमिनीवर बसलास. त्यानंतर मी सातवं पान काढलं.

एक तास दहा मिनिटं बोलले. अकराही पानं. नंतर ती म्हातारी म्हणाली, तिचा मुलगा आमच्याच विभागात झाला होता, एकेचाळीस वर्षांपूर्वी. तारीख जुळत नाही, मी तेव्हा नोकरीत नव्हते. मी तिच्याकडे बघून हसले.

वहीत काय लिहिलंस?

ताई

२ जानेवारी

ताई,

वहीत लिहिलं: "चौदाव्या रांगेपर्यंत. पंधरापासून पुढे नाही. कारण: कोट. ताईनं सांगितलं होतं." वेळ सहा वाजून नऊ मिनिटं.

चाळीस पडद्यांवरून तीनशे कोटांचा हिशेब करणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि तेही शीत कच्चं. पुढच्या थंडीसाठी दारापाशी कोट टांगायच्या खुंट्या बसवतोय. तीनशे आठ. दारवान म्हणतो, पावती द्यावी लागेल. देऊ.

तो गुरुवार या शहरात अजून संपलेला नाही. वाचनालयात, बसमध्ये, केस कापायच्या दुकानात माणसं "ओलं रडणं" म्हणतात आणि समोरच्याला कळतं. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी मार्चमधला एक गुरुवार मागून घेतलाय. रुमालाशिवाय. मला मात्र ती म्हातारी विसरता येत नाही. अकरा वर्षं मी आवाज माणसांपर्यंत न्यायच्या खटपटीत होतो. माणसं आवाजापर्यंत चालत जातील, हे माझ्या कुठल्याच मापात नव्हतं. या लोकांसमोर टोपी काढायची ती काढलीच, पण तेवढ्यानं भागत नाही.

आता परवाची गोष्ट. नदीपलीकडे नवं नाट्यगृह होतंय, बाराशे खुर्च्यांचं. त्याचे व्यवस्थापक तुझ्या गुरुवारी आले होते. परवा ते माझ्या कामाच्या खोलीत आले, फळ्यांवरून हात फिरवला, आणि टाइप केलेला एक कागद पुढे ठेवला. त्यांच्या हॉलसाठी अशाच फळ्या मी करायच्या. दाराशी पितळी पाटीवर माझं नाव. आणि त्यांच्या माहितीपुस्तकात माझ्या सहीचं एक निवेदन, तेही त्यांनी लिहूनच आणलं होतं: की या फळ्यांखाली एका आजारी गळ्याच्या परिचारिकेचा आवाज, माईकशिवाय, बाविसाव्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचला.

म्हटलं, "चौदाव्या."

ते म्हणाले, "अहो, चौदा काय नि बावीस काय. लोकांनी ऐकलं ना?"

"ऐकलं. उठून पुढे येऊन ऐकलं. तुम्ही स्वतः सोळाव्या रांगेत होतात आणि नंतर सहाव्या रांगेशी कोटावर बसलात. मी लिहून ठेवलंय."

"तो तपशील झाला हो."

"मी तपशिलाचंच खातो," म्हटलं. "चौदा लिहा, आता सही करतो. आणि ती म्हातारी लिहा."

ते म्हणाले, म्हातारी लिहिली तर फळ्या कोण घेईल. मला ते पटलं. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पण तुझ्या त्या तासातली आठ रांगांची चाल माझ्या लाकडाच्या नावावर घेणं माझ्यानं व्हायचं नाही. पाटीचं मात्र वाईट वाटलं, तुझ्यापासून लपवत नाही. पितळेवर अक्षरं फार देखणी उठतात.

घरी तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पंधरा म्हटलं असतं तर चाललं नसतं का त्यांना?"

कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. घालण्याआधी मी तो नीट वाचला होता: बाराशे खुर्च्यांच्या हॉलच्या साठ फळ्या, पितळी पाटी, बाविसाव्या रांगेखाली माझी सही, आणि त्यासाठी एकूण नऊ लाख चाळीस हजार.

पाचर